तिरोड्याच्या लेकीस अनावृत पत्र

चि. सौ. विजूबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझं माहेर आमच्याच गोंदिया जिल्ह्यातलं. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॅट. पण तू जन्मल्या जन्मल्या ७६५ केव्हीच्या तारेवर बसतेस आणि कोराडी, अकोला करत थेट छत्रपती संभाजीनगर गाठतेस. लेक म्हणजे परक्याचं धन, हे आम्हाला मान्य. तुला आमच्या गावात यायचं तर आधी उपकेंद्र, मग फीडर, मग डीपी, आणि डीपीवर चिंचेची फांदी. जरा वारं सुटलं की तू तिथेच अडतेस.

म्हणून आम्ही तुला घरात कोंडून ठेवायला शिकलो. गॅस्तों प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल यांच्या जोरावर पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. तिचीच वंशज आमच्या देवघराशेजारी येऊन बसली. मग देवघरच हलवावं लागलं, कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि समईशी त्याचं जमत नाही.

तिचे लाड काय सांगू! बोअरचं पाणी चालत नाही, डिस्टिल्डच लागतं. फ्लोटचा काटा खाली गेला की घरात धावपळ. मे महिन्याचा उकाडा सोसत नाही, आयुष्य घटतं. जावयाचा इतका मान आम्ही ठेवला नाही.

एवढं करून पदरात काय पडतं? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. त्यातलंही थोडं इन्व्हर्टर गिळतो. उरलेल्यात ७५ वॉटचा एक पंखा आणि ९ वॉटचे दोन बल्ब सात-आठ तास चालतात. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावला तर जवळपास दुप्पट वेळ. शेतावरचा पाच एचपीचा पंप मात्र असली अख्खी बॅटरी अर्ध्या तासात पिऊन टाकेल. उन्हाळी धानाच्या बांधीत ही युक्ती उपयोगाची नाही. तिथे तूच हवीस, आणि तू येतेस तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

तरी तुझ्या चातुर्याला दाद द्यायला हवी. तू आलीस की बिल, गेलीस की बॅटरीचे हप्ते. दोन्हीकडून आमचाच खिसा. त्याहून मोठी कमाल पुढे आहे. पूर्वी लाइन गेली की सारी आळी ओट्यावर यायची आणि वायरमनला दहा घरांतून फोन जायचे. आता सरपंच, मास्तर, दुकानदार, सगळ्यांकडे इन्व्हर्टर. पंखा फिरत राहतो आणि ज्यांचं ऐकलं जातं ते गाढ झोपतात. तक्रार करायला उरतात बिनबॅटरीची घरं, आणि त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग तोवर संपलेलं असतं. अंधार होता तेवढाच आहे, बोंब मात्र कमी झाली.

तेव्हा आमच्या पंख्यांवर विसंबून सगळं आलबेल आहे असा निरोप वर धाडू नकोस. डीपीवरची फांदी पावसाळ्याआधी छाटायला सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
माहेरचा एक ग्राहक

ता. क. येताना कळवलं नाहीस तरी चालेल. जायचं असेल तर बारा तास आधी सांग. बॅटरी भरायला तेवढा वेळ लागतो.