रातवा, फ्रिज आणि बावीस व्होल्ट

रात्री पावणेतीनला आत्याने मला हलवून उठवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "ऐक. रातवा ओरडतोय."

मी ऐकलं. टीं टीं टीं टीं. मग शांतता. रातवा आमच्या आगरात आहे, नाही असं नाही. पण तो ओरडतो तेव्हा कुणीतरी लांबवर लाकडावर लाकूड आपटत बसलंय असं वाटतं. मोजून चार वेळा ओरडून गप्प बसण्याची शिस्त पाखरात नसते.

"आत्या, हा इन्व्हर्टर आहे. बॅटरी लो झाल्ये."

"मग त्याला काहीतरी घाल खायला," असं म्हणून ती जाऊन झोपली.

मी स्वयंपाकघरात गेलो, फ्रिज उघडला, गार पाण्याची बाटली घटाघट रिकामी केली आणि परत येऊन अंथरुणाला पाठ टेकतो न टेकतो तोच पुन्हा टीं टीं टीं टीं. मी पुन्हा उठलो. घशाला कोरड होतीच, पुन्हा पाणी प्यालो. त्या रात्री असं चार वेळा झालं. सकाळी मला सर्दी होती आणि बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं.

आमचं घर दापोलीहून हर्णैकडे जाताना लागतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं आणि आमच्या वाडीतले विजेचे खांब ऊस मोडावा तसे मोडून गेलं. महिनाभर लाइट नव्हती. आत्याचं त्यावाचून काही अडलं नाही. विहिरीला रहाट होता, चूल होती, कंदिलाची काच शाबूत होती. अडलं ते माझं. मी ठाण्यात बसून तिच्या बंद फोनला रोज चाळीस वेळा फोन करत होतो. बँकेतून निवृत्त होऊन गावी राहायला आलो तेव्हा पहिलं काम केलं ते छपरावर ३३५ वॅटची तीन पॅनेलं चढवण्याचं. पडवीत एक इन्व्हर्टर लागला आणि त्याच्या पायाशी दीडशे एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या ट्रॉलीवर शेजारी-शेजारी बसल्या.

त्या बॅटऱ्या देव्हाऱ्याखालच्या रिकाम्या जागेत बसाव्यात, अशी आत्याची इच्छा होती. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि वर निरांजन तेवत असतं, हे मी तिला समजावून सांगितलं. "म्हणजे देवच पेटेल?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून ती पडवीतून जाताना बॅटऱ्यांकडे तिरक्या नजरेने बघते आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने त्या पुसून काढते. वैरी असला तरी घरात आहे तोवर स्वच्छ असावा, असं तिचं धोरण आहे.

शेजारच्या अण्णांकडेही सोलर आहे, पण ते सरकारी योजनेतलं, तीन किलोवॅटचं, ७८ हजार अनुदान मिळालेलं. त्यांचं बिल शून्य येतं आणि ते कागद ते पाहुण्यांना चहाबरोबर दाखवतात. मात्र बाहेरची लाइट गेली की त्यांचं सोलरही भर उन्हात बंद पडतं. ते पडायलाच हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून अण्णांचा करंट लागायचा. त्यांच्याकडे बॅटरी नाही. त्यामुळे लाइट गेली की आमच्या घरात उजेड आणि अण्णांच्या घरात तत्त्वज्ञान असायचं. आमचा इन्व्हर्टर ओरडू लागल्यापासून अण्णा अंधारातही प्रसन्न दिसू लागले.

मे महिना होता. आंब्याला म्हणून आलेली माणसं घरभर पसरली होती आणि पाच पंखे चालू होते. मी आयुष्यभर आकडे जुळवलेला माणूस, म्हणून कागद घेऊन बसलो. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, गुणिले दोन. म्हणजे ३.६ युनिट. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून खर्चायला १.८ युनिट. जुने पंखे ७५ वॅटचे, त्यात फ्रिज, दिवे, भाच्याचा वायफाय आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते, सगळं मिळून ६०० वॅट धरा. तीन तास चालायला हवं. चालत होतं दहा मिनिटं. दहा मिनिटांनी टीं टीं.

घरात नऊ माणसं होती आणि त्यांच्याकडून अकरा निदानं आली.

भाचा म्हणाला, पॅनेलचे वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. इथे काच पासष्ट अंशांवर तापते आणि दर अंशाला चार दशांश टक्के घट धरली तर सोळा टक्के वीज उडाली. हिशेब बरोबर होता, पण इन्व्हर्टरच्या डब्यावर दुपारी तीनलाच 'फुल' येत होतं, त्याचं काय? आक्काला मोबाइलच्या चार्जरांचा संशय होता, विशेषतः भाच्याच्या. मला धुळीचा संशय आला. शिडी लावून छपरावर चढलो तर पॅनेलांवर धूळ कमी आणि कावळे जास्त होते. धुऊन खाली उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरलो. अलार्मवर परिणाम शून्य, कमरेवर बराच.

अण्णा म्हणाले, "बॅटऱ्या मेल्या." ज्याने बॅटऱ्या विकल्या त्याला फोन केला तर त्यानेही न बघता तेच सांगितलं. दोन्ही बदला, जुन्या आणून द्या, त्यांचे वजनावर पैसे धरू. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाची बॅटरी केली, तेव्हापासून ती बिघडली की काय करायचं याचा एवढा सोपा इलाज कुणी सांगितला नसेल.

मेलेल्या माणसाची नाडी तरी बघावी, म्हणून मी तालुक्याहून हायड्रोमीटर आणला. काचेच्या नळीत आम्ल ओढून घ्यायचं आणि आतला तरंगणारा काटा कुठे थांबतो ते बघायचं. बाराही कप्प्यांत ग्रॅव्हिटी बाराशे चाळीसच्या आसपास. बॅटरी भरलेली आणि ठणठणीत. पाणी जरा कमी वाटलं तर आत्या तांब्यात गंगाजल घेऊन हजर. डिस्टिल वॉटरच लागतं, क्षार असलेलं कुठलंही पाणी चालत नाही, असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पाण्यातला क्षार आहे. मग मल्टिमीटर लावला. सकाळची वेळ, लाइट आलेली, सगळं निवांत. दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.२ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकांशीही २५.२. बावीसच्या खाली गेल्याशिवाय तो ओरडत नाही, आणि इथे तर बावीस कुठल्या कुठे खाली राहिले होते.

म्हणजे रात्री ओरडणारा खोटं बोलत होता किंवा सकाळी मोजणारा.

पहिला सुगावा लागला तो हिला. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही पाणी प्यायला उठता ना, तेव्हाच ते ओरडतं."

मी हसलो. पण तिसऱ्या रात्री लाइट गेल्यावर तिने मला फ्रिजपाशी नेऊन उभं केलं. दार उघडलं. थंडावा बाहेर पडला, आतला कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला आणि पडवीतून टीं टीं टीं टीं. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या काही पट करंट ओढतो, हे मला पुस्तकी ठाऊक होतं. अलार्मने मी जागा होतो, जागा झालो म्हणून पाणी पितो, पाणी पितो म्हणून अलार्म होतो, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तीन रात्री मी स्वतःच स्वतःला उठवत होतो. हिने त्याच वेळी फ्रिजच्या दाराला नाडी बांधली आणि आत्याने ओटीवरचा माठ भरला.

अलार्म कधी होतो ते कळलं, का होतो ते कळेना. एक फ्रिज काही भरलेल्या बॅटऱ्या रिकाम्या करत नाही. शेवटी गावातल्या जुन्या वायरमनला बोलावलं. निवृत्त झाले तरी वाडीतला प्रत्येक फ्यूज त्यांना नावाने ओळखतो. माझा कागद, बाराशे चाळीस, २५.२ हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, मोजलंत तेव्हा लोड होता?"

"नाही. मुद्दामच सगळं बंद ठेवलं होतं. नीट मोजता यावं म्हणून."

"शिमग्याला पालखी नाचवता ना तुम्ही? पालखी खाली टेकवलेली असताना कुणाचा खांदा दुखतोय ते कळतं का?"

त्यांनी बाहेरची लाइट बंद करून इन्व्हर्टरवर पाचही पंखे लावले आणि फ्रिजची नाडी सोडायला लावली. टीं टीं सुरू झालं. "ओरडू दे," म्हणाले, "ताप असतानाच डॉक्टरकडे न्यायचं." इन्व्हर्टरच्या टोकांशी २१.९. मग पहिल्या बॅटरीच्या दोन टोकांना काट्या लावल्या, १२.०. दुसरीला लावल्या, १२.०.

माझ्यातला कॅशियर जागा झाला. बारा आणि बारा चोवीस. खिडकीत जमा चोवीस, तिजोरीत एकवीस पूर्णांक नऊ. दोन व्होल्टची तूट! मधे कुणीतरी खात होतं. एवढी रक्कम बँकेत कमी भरली असती तर आम्ही रात्री बारापर्यंत घरी गेलो नसतो.

वायरमननी एक काटी पहिल्या बॅटरीच्या एका टोकावर टेकवली आणि दुसरी दुसऱ्या बॅटरीच्या शेजारच्या टोकावर. मधे होती फक्त त्या दोघींना जोडणारी वीतभर वायर. मीटरने दाखवलं, २.०. चोर सापडला. वायरीच्या टोकाचा लग वरून काळ्या टोपीने झाकलेला होता. टोपी काढली तर आत पांढरं आणि हिरवंनिळं पीठ साचलं होतं. आम्लाची वाफ, हर्णैची खारी हवा आणि सैल झालेला नट, तिघांनी मिळून संसार थाटला होता. पंचवीस अँपिअर तिथून जाताना दोन व्होल्ट तिथेच पडत होते. पंचवीस दुणे पन्नास. पन्नास वॅटचा दिवा त्या टोपीखाली कुणाला न दिसता जळत होता. इन्व्हर्टरला बॅटरीच्या पोटातलं काही दिसत नाही, स्वतःच्या दारात किती व्होल्ट पोचले तेवढं तो बघतो. पोचत नव्हते, म्हणून ओरडत होता. बॅटऱ्याही खऱ्या होत्या आणि इन्व्हर्टरही. लबाडी सांध्यात होती, आणि भार नसताना सांधा संतासारखा वागत होता.

"ही काळी टोपी ना?" आत्या मागून म्हणाली. "परवा लाइट नसताना पुसायला गेले तर चटका बसला."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"चार दिवस तुम्ही बोलताय. मधे जागा कुठे होती?"

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. वायरमननी आधी पॅनेलं आणि इन्व्हर्टर दोन्हींची जोडणी सोडवली, पान्याला काळी टेप गुंडाळली आणि माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली. बॅटरीची बुचं घट्ट लावून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो टोकांवर ओतला, तसं ते पीठ फसफसून वाहून गेलं. लग घासून तांबूस केला, नट आवळला. वरून पेट्रोलियम जेली हवी होती. घरात एकच डबी होती, आत्याच्या पायाच्या भेगांची. तिने ती दिली, पण बॅटरीला किती बोटं लागली ते मोजून घेतलं. मग पुन्हा सगळा लोड, पुन्हा मीटर. त्या सांध्यावर दोन व्होल्टांच्या जागी एका व्होल्टचा जेमतेम विसावा भाग. त्या रात्री लाइट गेली ती पावणेतीन तास, आणि अलार्म एकदाही झाला नाही. अण्णा दोनदा कुंपणाशी येऊन कान देऊन गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबे संपले आणि माणसंही गेली. पाचातले तीन पंखे थांबले. रात्री लाइट गेली तेव्हा घरात मी, ही आणि आत्या एवढेच होतो. मी मीटर लावून आलो आणि सांगितलं, "सगळं उत्तम आहे."

"लोड कुठाय आता?" आत्या अंधारातून म्हणाली. "आता उत्तमच दिसणार."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "जा, फ्रिज उघड. बघू."

मी गेलो आणि दार उघडलं. थंडावा बाहेर आला, कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला. आम्ही तिघंही कान देऊन थांबलो. पडवी गप्प होती. लांब आगरात कुणीतरी लाकडावर लाकूड आपटू लागलं.

"हा रातवा," आत्या म्हणाली. "आणि मागच्या कप्प्यात शेवटचा हापूस आहे. दार उघडलंच आहेस तर तो काढून आण."