जेवणाचं टाइमटेबल

पापडीत राहणाऱ्या माणसाला ‘मुंबईत चांगलं खायला कुठे मिळतं?’ असं कधी विचारू नये. तो आधी स्टेशन सांगेल, मग पूर्व की पश्चिम ते सांगेल, मग ‘पुढच्या डब्यात चढा, जिना समोरच येतो’ असं सांगेल आणि एवढं सगळं झाल्यावर वेळ उरलाच तर पदार्थाचं नाव. यात आमच्या जिभेचा दोष नाही. आम्ही आधी शेअर रिक्षात तिरके बसून बाभोळा, अंबाडी रोड करत वसई रोड स्टेशन गाठणार, तिथून गाडीत शिरता आलं तर शिरणार आणि मग मुंबई. इतकं केल्यावर माणूस चव बघत नाही, बसायला खुर्ची बघतो.

सरकारी कागदावर मात्र आम्ही मुंबईकरच. मुंबई महानगर प्रदेश म्हणून जो मुलूख आहे तो सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा. त्यात विरार, कल्याण, पनवेल आणि अलिबाग ही सगळी मंडळी एकाच पंगतीत बसवलेली आहेत. पंगत एकच, पण वाढपी आमच्यापर्यंत येईतो मसालेभात संपलेला असतो.

हे सगळं न्यूजर्सीहून आलेल्या माझ्या पुतण्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो गेल्या डिसेंबरात सहकुटुंब आला तो मोबाइलवर तक्ता घेऊनच. सकाळी ठाण्याला मामलेदार मिसळ, दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियाचा बेरी पुलाव, चार वाजता माटुंग्याला डोसा आणि फिल्टर कॉफी, रात्री कुलाब्याला बडेमियाँचे कबाब. एका दिवसात. नकाशावर हे चारही ठिपके त्याच्या अंगठ्याखाली झाकले जात होते.

“काका, आम्ही तिकडे डोशासाठी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून एडिसनच्या ओक ट्री रोडला जातो,” तो म्हणाला.

“जात असाल,” मी म्हटलं. “इथे चाळीस मिनिटांत घोडबंदरच्या फाउंटनचा सिग्नल लागला तर नारळ फोडतात.”

त्याला वाटलं मी विनोद करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो गाडी ठरवून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला निघाला. गायमुखाच्या चढावर कंटेनरच्या रांगेत उभं असताना त्याने तिथून फोटो पाठवला. फोटोत पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मधे त्याची बायको, जी माहेरहून आणलेले खाकरे डब्यातून काढत होती. मिसळ त्यांना मिळाली, पण दुपारच्या जेवणाच्या वेळेला. तहसील कचेरीशेजारच्या त्या बाकांवर घाम पुसत खाल्लेली ती लालभडक तर्री इतकी आवडली की उरलेला तक्ता तिथेच रद्द झाला. मला बरं वाटलं. त्यानंतर मुंबई कशी खायची हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे आला.

वसईकराचा पहिला नियम असा की फास्ट गाडी जिथे थांबते तिथेच भूक लागू द्यावी. त्यामुळे दादर हे आमचं आद्य भोजनगृह. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की मामा काणे. १९१० सालापासून तिथे बटाटेवडा तळला जातोय. ज्या काळी या माणसाने खानावळ काढली त्या काळीही त्याला गाडीतून उतरलेल्या माणसाची अवस्था नेमकी ठाऊक असणार. याच स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं सांगतात. मला ते सहज पटतं. गाडी पकडायची असल्याशिवाय कोणाला एका हाताने जेवायची गरज पडेल?

जरा सवड असेल तर शिवाजी पार्काच्या बाजूला चालत जायचं. तिथे प्रकाशमध्ये साबुदाणावडा आणि पियूष, नाहीतर सेनाभवनासमोर आस्वाद. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश म्हणून पुरस्कार मिळाला. त्याआधी आम्ही ती मिसळ मुकाट्याने खात होतो आणि वर ‘पाव जरा गरम आणा’ असं म्हणत होतो. पुरस्कारानंतर तिथे बाहेर नाव लिहून उभं राहावं लागायला लागलं. लंडनवाल्यांना आमचं काय बघवत नाही कळत नाही.

दादरला खाणं सोपं, पण दादरहून बांधून आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या घरातून निघताना यादी मिळते आणि त्यात हटकून पातळ पदार्थ असतो. संध्याकाळी सहाच्या विरार गाडीत मी एकदा पियूषच्या बाटल्या घेऊन शिरलो. शिरलो म्हणजे मला शिरवण्यात आलं. पिशवी डोक्यावर धरावी तर वर आधीच तीन बॅगा आणि एका गृहस्थांचा मोबाइल होता. शेवटी पोटाशी धरली आणि ओरडलो, “अहो दाबू नका, पियूष आहे!” समोरचे गृहस्थ दचकून खाली बघत म्हणाले, “एवढ्या गर्दीत कशाला आणलंत हो त्याला? घरी ठेवायचं कोणाजवळ तरी.” पण त्या एका गैरसमजामुळे पियूषला बसायला जागा मिळाली. मी बोरिवलीपर्यंत उभाच होतो.

दुसरा नियम, लाइन बदलायची नाही. आम्हा पश्चिमवाल्यांना सेंट्रल म्हणजे परमुलूख. उल्हासनगरला फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी आणलेला दाल पकवान फार सुंदर मिळतो हे मला माहीत आहे. वसईहून दिव्याला गाडी जाते हेही माहीत आहे. पण कुरकुरीत पकवान खायचा तो सकाळी, आणि ही दोन ज्ञानं अजून एकत्र आलेली नाहीत. माटुंगा मात्र या नियमातून सुटतं, कारण आपल्या बाजूच्या माटुंगा रोडला उतरून नागमोडी झेड पूल चढला की पलीकडे रामा नायकांची खानावळ. १९४२ सालापासूनची. केळीच्या पानावर भात, रस्सम, सांबार, आणि नको म्हणेपर्यंत वाढणं. पुतण्या रस्समचे फोटो काढत होता आणि मी पान उलटून देठ बघत होतो. वसईकर केळीच्या पानावर जेवायला बसला की आधी पान तपासतो, आपल्या वाडीतलं तर नाही? वाढपी म्हणाला, “साब, पान खराब है क्या?” मी म्हटलं, “नाही, चौकशी करतोय. माहेरचं वाटलं.”

चर्चगेटपर्यंत गेलो ते ब्रिटानियासाठी. १९२३ साली निघालेलं हे इराणी हॉटेल दुपारचंच उघडं असतं, म्हणजे आमच्या तिसऱ्या नियमात चपखल बसतं. तो नियम असा की परतीची गाडी चारच्या आत पकडावी, नाहीतर साडेनऊनंतर. मधल्या वेळेत जेवून तुडुंब झालेल्या माणसाने विरार फास्टमध्ये चढणं हे त्याच्या आणि शेजाऱ्याच्याही हिताचं नाही. बेरी पुलाव आला. त्या लाल, आंबट बेरी इराणहून येतात हे वेटरने सांगितल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. इतक्या लांबून निघून जेवणाच्या वेळेला ताटात हजर!

पुतण्याच्या हट्टामुळे एकदा साडेनऊनंतरचाही प्रयोग झाला. बडेमियाँची १९४६ पासूनची शेगडी ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत आहे. त्या धुरात उभं राहून रुमाली रोटीत गुंडाळलेले शीग कबाब खाणं हे मोठं सुख आहे, फक्त ते खाताना वसईकराचा एक डोळा कबाबावर आणि एक घड्याळावर असतो. मध्यरात्रीच्या गाडीत जागा ऐसपैस मिळते, हाच धोका. पोट भरलेलं, खिडकीतून वारा, डोळा लागला की थेट विरार. आम्ही एकमेकांना चिमटे काढत वसईला उतरलो. त्या वेळी शेअर रिक्षा नसते, अख्खी करावी लागते. त्या रात्रीच्या जेवणातला सर्वांत महाग पदार्थ तोच.

आता या सगळ्या उठाठेवीत पुतण्याच्या चौदा वर्षांच्या लेकीने काय खाल्लं, तर फारसं काही नाही. मिसळ तिखट, रस्सम आंबट, कबाबात धूर. तिची एकच मागणी होती, बटर चिकन आणि नान, तिकडे मिळतं तसं. शेवटी एका संध्याकाळी तिला अंबाडी रोडवर नेलं. डोळे मिटून एका फॅमिली रेस्टॉरंटात शिरलो, कारण उघडे ठेवून शिरलो असतो तरी फरक पडला नसता. प्रत्येकात तेच जाडजूड मेन्यूकार्ड, तेच पंजाबी, चायनीज, मुघलाई, तंदूर, आणि शेवटच्या पानावर दाताचा डॉक्टर. दहा मिनिटांत बटर चिकन आलं. पोरीने बोटं चाटली. “आजोबा, हे तर अगदी एडिसनसारखं आहे!” दिल्लीच्या दर्यागंजला जन्मलेलं हे बटर चिकन न्यूजर्सीला मिळतं, वसईला मिळतं, आणि दोन्हीकडे एकाच चवीचं मिळतं. प्रवास करायचा तो याने.

पण त्या भल्यामोठ्या मेन्यूकार्डात वसईचं काय होतं? काहीही नाही. वसईचं खाणं हॉटेलात मिळत नाही, ते ओळखीवर मिळतं. १५३४ साली पोर्तुगीज इथे आले आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी त्यांच्याकडून किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्याबरोबर आलेला पाव, मिरची आणि सिरका परत पाठवावा असं कोणालाही वाटलं नाही. मराठी माणूस युद्धात कठोर असतो, स्वयंपाकघरात नाही. तो सिरका आजही आमच्या पापडीच्या कॅथलिक घरांतून इंद्यालात पडतो आणि नाताळात सगळ्या आळीला त्याचा वास येतो.

आमच्या शेजारच्या मावशींनी नाताळच्या दिवशी ताट पाठवलं. इंद्याल आणि गरम फुग्या. फुग्यांचं पीठ अंडी आणि नारळाचं दूध घालून फुगवायचं, पूर्वी त्यात ताडी घालत, मग मुठीतून अंगठ्यापाशी पिळून गोळा तेलात सोडायचा. तो आपोआप गोल होतो आणि आपोआपच संपतो. मसाला बाटलीतला. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसेक जिन्नस भाजून, कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घरचं प्रमाण निराळं आणि ते सुनेलाही लगेच सांगत नाहीत.

पुतण्या पहिल्या घासाला गप्प झाला. दुसऱ्या घासाला म्हणाला, “काका, यांचं कुठे आहे? ऑनलाइन आहेत का? रेटिंग किती?”

“भिंतीपलीकडे आहेत,” माझी बायको म्हणाली. “आणि रेटिंग त्या आपल्याला देतात. ताट रिकामं परत पाठवलं की कमी होतं.”

त्याने पैसे किती द्यायचे हे मावशींनाच जाऊन विचारलं. मावशींनी त्याच्याकडे जे पाहिलं ते पाहून त्याचं विमानाचं तिकीट मला अलीकडे घ्यावंसं वाटलं. मग त्याने शहाणपण केलं, “अजून आहे का हो?” असं विचारलं आणि घराण्याची अब्रू वाचली.

इथल्या वाडवळ समाजाची उकडहंडीही अशीच. थंडीत वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी असं सगळं हंडीत घालून शिजवतात. ती खायची असेल तर त्या घरात मित्र हवा, आणि मित्राशी तुमचं थंडीत भांडण झालेलं नको. विकत मिळणारी आमची एकच मोठी गोष्ट म्हणजे आगाशीचं भुजिंग. कोंबडी निखाऱ्यावर भाजून कांदा, बटाटा, मसाला आणि चक्क पोह्यांत परतलेली. चिकनमध्ये पोहे घालणारा माणूस कोण असेल त्याला मी ओळखत नाही, पण तो नक्की वसई तालुक्यातला असणार. इथे पाहुणा अचानक येतो आणि गाडीमुळे कधीच एकटा येत नाही. तेव्हा कोंबडी पुरवायला पोहे लागतातच.

पुतण्याने जाताना तक्ता नव्याने केला आहे. त्यात आता ठिकाणांऐवजी माणसं आहेत, आणि दोन कॉलम, ‘कोणामार्फत’ आणि ‘आदल्या दिवशी कळवायचं का’. त्यात आमच्या घरापुढे त्याने ‘फक्त चहा’ असं लिहिलंय, ते माझ्या बायकोने अजून पाहिलेलं नाही.

तर मंडळी, वसईला जेवायला यायचं असेल तर जरूर या. आदल्या दिवशी फोन करा. दादरहून येताना विरार फास्टमध्ये दाराशी उभे राहू नका, आत सरका, आणि हातात पातळ काही आणू नका. राजेळी केळ्यांची सुकेळी न्यायची असतील तर पावसाळ्यात मागू नका. ती उन्हात वाळतात, आणि तेव्हा ऊन नसतं.