एकवीस गिअर आणि एक ऊस

शिरूरहून न्हावऱ्याला यावं, पारगावला भीमा ओलांडावी, केडगाव-चौफुल्यावर सोलापूर रस्ता धरावा आणि पाटसला डावीकडं वळून दौंडात शिरावं. एवढ्या वाटेत डोंगर नावाची वस्तू आडवी येत नाही. भीमेचा पूल आणि गावोगावच्या उत्साही मंडळींनी घातलेले गतिरोधक, हेच काय ते चढ. या रस्त्यावर मी माउंटन बाइक चालवतो. चढ हवाच असेल तर यवतच्या वर भुलेश्वर आहे. तिथं आम्ही श्रावणात सहकुटुंब मोटारीनं जातो.

सायकलला २१ गिअर आहेत. पुढं ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं, मागं १४ पासून २८ दात्यांपर्यंतची सात. त्यातल्या सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलची एक फेरी पुरी केली की सायकल पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी ताशी साडेसहा किलोमीटरला थोडं कमीच पडतं. त्या वेगानं रस्त्याच्या कडेनं शेळ्याही जातात, आणि त्यांना हेल्मेट लागत नाही. उरलेल्या गिअरांतले बरेच एकमेकांची नक्कल करतात. पण एकवीस हा आकडा ऐकायला भारदस्त आहे, आणि सायकल घेताना माणूस ती कानांनीच घेतो.

गिअरांच्या बाजूनं सांगण्यासारखा एक मुद्दा मात्र माझ्याकडं आहे: वारा. आषाढात दौंडहून परत निघालं की चौफुल्यापर्यंत पश्चिमेचा वारा छातीवर हात ठेवून उभा असतो. त्या दिवसांत मी हलके गिअर वापरतो आणि ते वापरल्याचं चारचौघांत सांगतो.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यांवर ऊस सांडतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्हींतून बाहेर लोंबणारा ऊस आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात गाणी. दिवाळी नुकतीच झाली होती. पाटसच्या अलीकडं असाच एक सांडलेला ऊस पुढच्या चाकाखाली आला आणि उसळून मागं गेला. मागच्या चाकाजवळ जो सांगाडा लोंबत असतो, चेन या चक्रावरून त्या चक्रावर सरकवणारा, तो डिरेलर. त्याच्या दोन छोट्या पुल्यांत पाचट गुंतलं, सांगाडा वर ओढला गेला आणि स्पोकांत जाऊन बसला. ज्या हँगरला तो टांगलेला असतो, तोही वाकला. माणसं जमली. एकानं तो ऊस उचलला, विजारीला पुसला आणि तिथंच खायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, "सर, चेन तोडून बारकी करा अन् एकाच गिअरवर जावा." सल्ला शंभर टक्के शास्त्रीय होता. पण चेन तोडायचं हत्यार नव्हतं, म्हणून केडगावचा कांदा घेऊन निघालेल्या एका पिकअपमधून सायकल आणि मी दौंडला, माझ्या सासुरवाडीला पोचलो. सायकल तिथंच राहिली.

मोडका डिरेलर पिशवीत घालून मी शिरूरच्या दुकानात गेलो.

"मागचा गिअर गेलाय."

"कुठं गेलाय?"

"हा काय." मी काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं तो उलटसुलट केला. "लोकल देऊ का कंपनीचा?"

लोकल म्हणजे पत्र्याचा, निनावी. कंपनीचा म्हणजे शिमानोचा. १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात फ्रीव्हील बनवण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली, आणि आता तिनं माउंटन सायकलवाल्यांसाठी एक लांबलचक शिडी लावून ठेवली आहे. तळाला टूर्नी, मग आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी आणि सगळ्यात वर एक्सटीआर. पायरीगणिक वजन कमी होतं आणि किंमत वाढते. म्हणजे वस्तू जितकी कमी मिळेल तितके पैसे जास्त.

दुकानात काचेच्या कपाटात एक डिओर होता. रांजणगाव एमआयडीसीतल्या कुणा इंजिनिअरनं तो मागवला होता आणि वस्तू येण्याआधी त्याची बदली झाली होती. काळा, देखणा, कपाटातल्या कुलपांत आणि घंट्यांत उगाच अडकून पडलेला. मी हात पुढं केला तसा दुकानदार म्हणाला, "तो तुमच्या कामाचा नाही." गिऱ्हाइकाला महागडी वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार भेटला की संशय येतो, पण त्याचं बरोबर होतं. डिओर दहा स्पीडचा. शिमानोच्या सहा ते नऊ स्पीडच्या माउंटन डिरेलरांचं गणित असं, की हँडलवरच्या शिफ्टरनं वायर एक मिलिमीटर ओढली की डिरेलर साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. दहा स्पीडला कंपनीनं हे प्रमाण कमी केलं. माझ्या शिफ्टरनं इमानदारीत वायर ओढली तरी हा साहेब अर्ध्या वाटेत थांबणार. मग शिफ्टर दहाचा घ्यायचा. मग चेन दहाची. मग मागं दहा चक्रांची कॅसेट. पण माझ्या चाकावर फ्रीव्हील आट्यांनी बसते, कॅसेटला हबच वेगळा लागतो, म्हणून चाक नवं. एवढं सगळं झाल्यावर जुन्यापैकी फ्रेम, सीट आणि मी उरत होतो. तरीही पुढं बाजारात जाताना त्या कपाटासमोर माझा पाय रेंगाळायचाच.

या शोधात एक गोष्ट मात्र कळली आणि मला ती फार आवडली. मागं किती चक्रं आहेत हे डिरेलरला माहीतच नसतं. मोजणारा शिफ्टर वर हँडलवर बसलेला असतो. खालचा ओढलं की सरकतो आणि सोडलं की परत येतो. म्हणून आठ स्पीडचा आल्टस माझ्या सातांवर बिनतक्रार चालतो. हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे हिशेब वरच्याकडं आणि काम खालच्याकडं." ती पंचायत समितीत नोकरीला आहे.

उरला प्रश्न केजच्या, म्हणजे त्या दोन पुल्या धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, लांबीचा. पुढच्या मोठ्या चक्रातून लहान वजा केलं की १८, मागच्या मोठ्यातून लहान वजा केलं की १४, बेरीज ३२. एवढ्या दात्यांची ढिली पडलेली चेन त्या केजला गोळा करता आली पाहिजे. उद्या मागं ३४ दात्यांचं चक्र टाकलं तर ही बेरीज ३८ होते, म्हणून लांब केजचा घेतलेला बरा. ३४ दात्यांचं चक्र मी टाकणार होतो का? तसं काही नाही. पण भुलेश्वर मनात येऊन गेला.

मेव्हणा हिंजवडीत असतो. त्याला फोन केला.

"दाजी, आता वायरलेस घ्या. अमेरिकेच्या स्रॅमनं माउंटन बाइकसाठी २०१९ पासून काढलाय. वायरच नाही, सगळं बॅटरीवर."

"चार्ज करावी लागते का रे ती?"

"अर्थात."

आमच्या शेतातल्या पंपाला वीज रात्री येते, त्यासाठी उठावं लागतंच. त्यात आता गिअरसाठीही उठायचं? फोन ठेवला.

मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मत याच्या अगदी उलटं. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. सगळी नोकरी दौंड जंक्शनवर. त्यांच्याकडं काळी अ‍ॅटलस आहे. गिअर एक, तोही मोजायची पद्धत नाही. ज्या साहिबाबादच्या कारखान्यातून अशा सायकली निघत, तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला. मामांची सायकल चालू आहे. माझा मोडका डिरेलर त्यांनी हातात धरला, त्याचं काम समजावून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडं गाडी रुळावरून घसरली तर चौकशी बसायची. तुम्ही पदरचे पैसे देऊन घसरवताय."

मामा फ्रान्समध्ये जन्मते तर आंरी देग्रांजशी त्यांचं चांगलं जमलं असतं. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारा हा गृहस्थ डिरेलरला शर्यतीत उभा करत नसे. स्पर्धक मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी चक्रं लावत आणि घाट आला की खाली उतरून चाक काढून उलटं बसवत. डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यावर. गिअर ही पंचेचाळिशीच्या वरच्या लोकांची सोय आहे, असं त्याचं मत होतं. हे मी मामांना सांगितलं नाही. मला सत्तेचाळिसावं चालू आहे.

शेवटी आल्टस घेतला. टूर्नीनंही भागलं असतं. पण शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर उभं राहायचं नव्हतं. शिरूरला घेतलेली ही वस्तू दौंडच्या मिस्त्रीकडं बसवायला नेली. दर रविवारी जाऊन मी त्यालाही विचारून आलो होतो, त्यामुळं दुसऱ्या गावचं खोकं पाहून तो काही बोलला नाही, फक्त नाक ओढलं. मामा बरोबर होतेच.

मिस्त्रीनं हँगर सरळ केला ते पाहण्यासारखं होतं. हँगरच्या आट्यात एका जुन्या चाकाचा एक्सल पिळून घातला, त्यामुळं आमच्या चाकाशेजारी आणखी एक चाक उभं राहिलं. मग एक डोळा मिटून दोन्ही चाकं समांतर दिसेपर्यंत त्यानं ते जुनं चाक हातानं दाबलं. नंतर डिरेलर चढवला, वायर ओढून घेतली आणि 'एच' आणि 'एल' लिहिलेले दोन बारीक स्क्रू फिरवायला घेतले.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"चेन बाहेर किती जाऊ द्यायची अन् आत किती, ते ठरतंय."

मामा चटकन उकिडवे बसले. "म्हणजे स्टॉप आहे. मग असं म्हण की." त्यानंतर मिस्त्रीला शांतता मिळाली नाही. प्रत्येक गिअर टाकताना मामा कान देऊन ऐकत. चौथ्यावर किरकिर आली. "पॉइंट अर्धवट बसलाय. वायर ताण." मिस्त्रीनं अर्धा आटा फिरवला, किरकिर गेली. मग मामा स्वतः पायडल फिरवू लागले, पहिल्यापासून सातव्यापर्यंत आणि पुन्हा पहिल्यापर्यंत. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली तरी ते थांबेनात.

हिशेबाला बसवायचे दीडशे आणि हँगरचे शंभर निघाले. हँगरचे शंभर मला जास्त वाटले. "दोन मिनिटांचं तर काम होतं," मी म्हणालो.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुम्ही माझ्याकडं बसून गिअर निवडला, त्याचे काही लावलेत का?"