एकट्याचा बँड

आमच्या बँडमध्ये हल्ली भांडणं होत नाहीत, कारण बँडमध्ये मी एकटाच आहे. गिटार मी वाजवतो. ड्रम आणि बेस लॅपटॉप वाजवतो; पण ते माउसने मीच भरलेले, त्यामुळे श्रेयनामावलीत तिन्ही ठिकाणी माझंच नाव. चौथ्या ओळीत 'संगीत संयोजन' म्हणून पुन्हा मीच. गाणं तेवढं व्हायचंय.

रेकॉर्डिंग बेडरूममध्ये, कपाटाचं दार उघडं टाकून. आतल्या साड्या खोलीतला घुमारा गिळतात. लाल बटण दाबलं की घरात संचारबंदी. "कुकर लावू का रे, की चाललंय अजून?" आई दाराआडून कुजबुजते, आणि ती कुजबुज माइकात गिटारपेक्षा स्वच्छ येते.

एकांड्या गिटारवाल्यांची ही हौस जुनी आहे. रोलँड या जपानी कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाची चंदेरी डबी काढली ती आमच्यासाठीच: घरी एकटं वाजवताना बेसची साथ मिळावी म्हणून. आवाज काही बेससारखा येईना, आणि सूर भरता भरता माणूस मेटाकुटीला येई. 1984 मध्ये कंपनीने तिचा नाद सोडला. मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड बाजारातून त्या डब्या स्वस्तात उचलल्या, बटणं नको तेवढी पिळली, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस निघालं. पण त्याच्याही आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या गृहस्थांनी हीच डबी, टीआर-808 हे ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर जोडून यमन, मालकंस, ललत असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. हेही मूळचे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले गिटारवाले! तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली. हा किस्सा मी येईल त्याला ऐकवतो. माझंही काही खपत नाही, एवढं साम्य मला पुरतं.

चीड येते ती 'ह्यूमनाइज' नावाच्या बटणाची. प्रत्येक ठोक्याच्या जोराला 1 ते 127 मधला एक आकडा असतो. हे बटण दाबलं की आकडे जरा खालीवर होतात, ठोके जरा मागेपुढे सरकतात. झाला माणूस! अहो, माणूस असा वाटेल तिथे चुकतो का? आमचा कॉलेजातला ड्रमर ठरलेल्या जागीच चुकायचा. अंतरा आला की मान वर करायचा, माझ्याकडे बघायचा आणि सुटायचा. गॅदरिंगच्या स्टेजवर त्याला गाठता गाठता माझी बोटं सोलून निघायची. खूप शिव्या घातल्यात त्याला. लॅपटॉपला घालून बघितल्या. तो मान वर करत नाही.

शेवटी परवा ते बटण बंद केलं आणि लय हाताने भरली. मुखड्याला 112, अंतऱ्याच्या तोंडावर 115, मग थेट 118, आणि मुखड्यावर परतताना ओशाळून 113. बेसलाही मागोमाग फरफटत नेलं. त्यावर गिटार वाजवली, आणि मधेच मान वर करून बघितलं. समोर साड्या.

गाणं त्याला पाठवलं. तो आता नाशिकला बँकेत असतो. रात्री उशिरा फोन आला.

"गिटार झकास रे. पण हा ड्रमवाला कुठून धरून आणलास? अंतऱ्याला पळतो साला. बदल त्याला."