काशीद (निःसंदिग्धीकरण)

मी मराठी विकिपीडियावर लिहितो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, किती देतात? काही देत नाहीत म्हटलं की पुढचा प्रश्न, मग घरचे काही बोलत नाहीत? बोलतात.

खरं तर मी लिहितोही कमी. मी पानं लावतो. लेख लिहिणारे उत्साही लोक पुष्कळ असतात. लिहून झाल्यावर त्या लेखाला वर्ग जोडणं, माहितीचौकट बसवणं, 'मुरूड' आणि 'मुरुड' अशी एकाच गावाची दोन पानं झाली असतील तर ती एकत्र करून दुसऱ्यावर पुनर्निर्देशन ठेवणं, हे काम कोणालाच नको असतं. ते मी करतो, रात्री जेवणानंतर, बनियनवर. हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आता लेख लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांतली कितीतरी पानं 'हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढं सांगून दमलेली आहेत. अशा पानाला 'विस्तार करा' असा साचा डकवून पुढच्या पानाकडे वळण्यात अधिकाराचा जो आनंद आहे, तो तलाठ्याला सातबाऱ्यावर शेरा मारताना होत असावा.

केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा त्यांना भांडवल उभारावं लागलं, गावोगाव हिंडून ग्राहक मिळवावे लागले. मला वायफाय पुरतं. तरी दाढी करताना आरशात मला कधीकधी साम्य दिसतं. एकदा कोणा अनोळखी सदस्याने माझ्या चर्चापानावर चिकाटीबद्दल एक तारा चिकटवला. चित्रातलाच, पण सोनेरी. मी दुकानातून त्याची प्रत काढून आणली. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "रंगीत प्रिंटचे किती घेतले?"

माझ्या पहाऱ्याच्या सूचीत शेकडो पानं आहेत, पण जीव आहे तो काशीदच्या पानावर. काशीद ही माझी सासुरवाडी. अलिबागहून निघून रेवदंड्याचा पूल, साळाव, कोर्लई मागे टाकलं की पांढऱ्या वाळूचा जो किनारा लागतो तो तुम्ही पाहिलेला आहे. शनिवार-रविवारी गेला असाल तर वाळू सोडून बाकी सगळं पाहिलेलं आहे. जावई सासुरवाडीला काय देतो? फार तर साडी, पेढे. मी माहितीचौकट दिली. अक्षांश-रेखांशांसकट.

काशीदच्या पानाचं काम म्हणजे मुख्यतः काशीदला इतर काशीदांपासून वाचवण्याचं काम. एक काशीद हे गाव. दुसरं काशीद हे झाड, आग्नेय आशियाकडचं, पिवळ्या फुलांच्या तुऱ्यांचं, आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात ते. किनाऱ्यावर ओळीने उभा असतो तो सुरू. त्याचे फोटो 'काशीदची झाडे' या नावाने चढवणारे महाभाग आहेत, आणि व्याकरण त्यांच्या बाजूने आहे हीच अडचण आहे. तिसरे शिवा काशीद. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचा वेश करून, पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि प्राण दिले. त्यांचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं नेबापूर. पण वेढा घातला होता सिद्दी जौहरने, आणि आमच्या काशीदहून पुढे मुरूडला गेलं की समुद्रात जंजिरा, तिथेही सिद्दीच. काशीद आणि सिद्दी ही दोन नावं एका वाक्यात आली की एखाद्या विद्यार्थ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो आणि तो गावाच्या पानावर 'हे वीर शिवा काशीद यांचे जन्मगाव' असं लिहून झोपी जातो. मध्ये अख्खा सह्याद्री आहे. तो मी दर वेळी परत नेऊन जागेवर ठेवतो.

अशा वेळी जे पान करावं लागतं त्याला आमच्यात निःसंदिग्धीकरण म्हणतात. एका नावाचे सगळे दावेदार एका पानावर ओळीने उभे करायचे आणि वाचकाला विचारायचं, यातला तुमचा कोणता? हा विषय निघाला की मला थांबवणं कोणाला जमलेलं नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मुरूडच घ्या. एक आमचं रायगडातलं, एक दापोली तालुक्यातलं, जिथे महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं, आणि एक थेट लातूर जिल्ह्यात, जिथल्या माणसाला समुद्र बघायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. नांदगाव तर विचारूच नका, महाराष्ट्रात दगड मारला तर नांदगावात पडतो. रायगड म्हणावं तर किल्ला की जिल्हा? जिल्हा म्हणावं तर १ जानेवारी १९८१ च्या आधी त्याचं नाव कुलाबा. कुलाबा म्हणावं तर जुना जिल्हा, की अलिबागसमोर पाण्यात उभा आहे तो किल्ला, की मुंबईचं दक्षिण टोक?

आणि या कुलाब्यावरून मला जगातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगायची आहे. बायको आतल्या खोलीत गेली तरी चालेल. मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत. शहरातल्या घोड्यांच्या ट्राम आता विजेवर धावणार असं ठरलं. विजेमुळे नाजूक यंत्रं बिथरतील, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं. अलिबाग हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून उठली आणि कुलाब्यात जाऊन बसली. त्या वर्षी जर विकिपीडिया असता आणि मी असतो! नुसत्या कल्पनेने माझी बोटं शिवशिवतात. कंसात 'मुंबई', कंसात 'जिल्हा', दोन्हीकडून पुनर्निर्देशनं. ही गोष्ट मी सासऱ्यांना मोठ्या उमेदीने सांगितली होती. ते ऐकून म्हणाले, "ट्राम बंद पडली ना पण?"

तर काशीदच्या पानावर एका रात्री एक ओळ उगवली. 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय. ताजी मासळी. एसी, नॉन एसी.' पुढे दहा आकडे. मी ती पुसली आणि बदलांच्या सारांशात लिहिलं, 'जाहिरात'. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी पुसली. लिहिणारा खातं न उघडता लिहायचा, त्यामुळे नावाच्या जागी नुसता अंकपत्ता, आणि तोही सतत बदलणारा. नंबर कोणाचा हे मी बघितलं नाही. नियम नंबर बघून लावायचा नसतो, आणि आजकाल बायकोचा सोडून कोणाचा नंबर पाठ असतो? तोही मला शेवटच्या आकड्यांत अडखळतो.

माझा प्रतिस्पर्धी हळूहळू शिकत गेला. हे मला मान्य करायला हवं, कारण शिकवत मी होतो. वेगळी ओळ पुसली जाते म्हटल्यावर तो मजकुरात शिरू लागला. फणसाडबद्दल मी लिहिलं होतं की हे पूर्वी जंजिरा संस्थानचं राखीव शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं, इथे शेकरू आढळतो. त्याच्यापुढे 'व शेकरू पाहून आल्यावर गरम जेवण मिळते' असं जोडलेलं. मग भूगोल: 'काशीदच्या पूर्वेस फणसाड अभयारण्य, पश्चिमेस अरबी समुद्र आणि रस्त्याला लागून आमच्या खोल्या आहेत.' हे पुसताना मला हात आवरावा लागला. वाक्य चांगलं होतं. नुसती माहिती म्हणून पाहिलं तर बरोबरही असावं.

मे महिन्यात आम्ही काशीदला गेलो. मेहुण्याने वाडीच्या जागेत खोल्या काढल्याचं ऐकून होतो. आता रंग देऊन झाला होता, दारांवर आकडे आले होते. रात्री जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, तळलेले बोंबील, सोलकढी. मेहुणा म्हणाला, "भावजी, तुम्ही त्या इंटरनेटमधले ना? ते विकिपीडिया आहे बघा, त्याच्यावर आपल्या काशीदचं पान आहे. मी आपला नंबर टाकतो, तर कोण मेला बसलाय तिथे, तो पुसून टाकतो. रात्रीच पुसतो. त्याला झोप नाय काय नाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. सासूबाई म्हणाल्या, "नंबर राहिला तर त्याचं काय जातंय?" मी सोलकढी प्यायलो. सोलकढी पिताना बोलता येत नाही, हा तिचा एक गुण पाककृतींच्या पुस्तकांत नोंदलेला नाही.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. या खोल्या व्हायच्या आधी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. त्या दुपारी बायको सतत माहेरी फोन लावत होती. कोणाचाच लागत नव्हता, ना घरच्यांचा ना शेजाऱ्यांचा. आणि मी शेजारच्या खोलीत वादळाचं पान दुरुस्त करत होतो. वाऱ्याचा वेग, किनारा ओलांडल्याची जागा, संदर्भ, वर्ग. माझ्या हाताला तेवढंच येत होतं. पुढे कळलं, माणसं सुखरूप आहेत, छपराचे पत्रे गेले, वीज कित्येक दिवस आली नाही. आणि वाडी गेली. सुपारीची झाडं मोडून एकावर एक पडली. सुपारी पुन्हा लावून धरायला लागेपर्यंत पोरं कॉलेजात जातात. त्यात टाळेबंदी, पर्यटक नाही. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर मेहुण्याने कर्ज काढून खोल्या बांधल्या. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या पानावर यातलं 'बागायतीचे नुकसान झाले' एवढं होतं, तळटीप देऊन.

नियम बरोबर आहे, आजही मी तेच म्हणेन. एकाचा नंबर ठेवला तर उद्या घोडेवाला, परवा बनाना बोटवाला, आणि ज्ञानकोशाची पिवळी पानं व्हायला वेळ लागत नाही. पण त्या रात्री आकडा लावलेल्या खोलीत झोपून मी ते पान मोबाईलवर वरपासून खालपर्यंत वाचलं. वाळूचा रंग आहे. मुंबईपासूनचं अंतर आहे. शेकरू आहे. गावात कोणी राहतं याची शंकासुद्धा येऊ नये इतकं ते नेटकं आहे. तिथे राहणारा एकुलता एक माणूस त्यात शिरायला बघत होता आणि ठाण्याहून मी त्याला रोज बाहेर काढत होतो, वर त्याच्याच घरचे बोंबील खात होतो.

मग मी जे मला येतं ते केलं. लेखाच्या चर्चापानावर एक निवेदन लिहिलं. अत्यंत सभ्य. 'नमस्कार, आपल्या योगदानाबद्दल आभार. ज्ञानकोशात संपर्क क्रमांक देणे धोरणात बसत नाही. मात्र गावातील बागायती, चक्रीवादळानंतर बदललेले व्यवसाय यांविषयी संदर्भांसह माहिती दिल्यास पानात चांगली भर पडेल. कृपया सहकार्य करावे.' भिंतीपलीकडे मेहुण्याच्या मोबाईलचा टुणटुण आवाज बराच वेळ येत होता. सासूबाई त्याला झोप म्हणून ओरडल्या. तो म्हणाला, "थांब, त्याने आज लिहिलंय काहीतरी."

सकाळी उठून पाहिलं तर माझ्या निवेदनाखाली उत्तर होतं.

'तू कोण सांगणार? तू काशीदचा आहेस काय?'

चर्चापानावर लिहिल्यानंतर शेवटी चार वेळा टिल्ड हे चिन्ह देऊन सही करायची असते. ती त्याने केली नव्हती. तेवढं मी खाली नम्रपणे निदर्शनास आणून दिलं आणि चहाला गेलो.