‘मुतखडा हमखास पाडून देणाऱ्या’ महाशयांस

महाशय,

एसटी स्टँडबाहेरच्या भिंतीवर तुमची जाहिरात रंगवलेली आहे : ‘मुतखडा? विनाऑपरेशन सात दिवसांत हमखास बाहेर!’ खाली मोबाईल नंबर. मी कॅज्युअल्टीत काम करणारी डॉक्टर. तुमच्या हमीवर विसंबलेली माणसं रात्री-अपरात्री आमच्याकडे येतात, तेव्हा तो नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

तुमचा धंदा कशावर चालतो ते सांगते. पाच मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश आपोआप लघवीवाटे पडतात. पुडी घेतली तरी, न घेतली तरी. पडला की श्रेय तुमचं. अडकला की पेशंटने पथ्य पाळलं नाही. युरिक अ‍ॅसिडचा खडा लघवीतली आम्लता कमी करून विरघळवता येतो, पण सर्वाधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही. खडा कशाचा, केवढा, कुठे अडकलाय, हे तुम्ही कधी विचारलंत?

कुशीतून जांघेत उतरणारी ती कळ आलेला माणूस कॉटवर टिकत नाही. उठतो, वाकतो, भिंतीला धरतो, ओकतो. त्याला रिपोर्टची वाट बघत तडफडत ठेवायचं नसतं (हे आमच्यातल्याही काहींनी ऐकावं). आधी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, 75 मिलिग्रॅम. किडनी अधू असेल तर पॅरासिटामॉल शिरेतून. दोह्यात 1,645 पेशंटवर झालेली चाचणी 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली, त्यात हे इंजेक्शन मॉर्फिनहून सरस ठरलं. आणि तुम्ही फोनवर सांगता, दोन बाटल्या बिअर घ्या, खडा ढकलला जाईल. कळ चालू असताना पोटात पाणी रिचवल्याने खडा लवकर पडतो याला पुरावा नाही. तुंबलेल्या मोरीत आणखी एक बादली ओतायचाच तो प्रकार.

शिवाय तो मुतखडाच आहे, हे फोनवर कळलं कसं? साठी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, तर पोटातली महाधमनी फुगून फुटत असू शकते. तरुण बाईच्या गर्भनलिकेत गर्भ राहिलेला असू शकतो, म्हणून आम्ही लघवीची गर्भचाचणी करतो. पोरसवदा मुलाच्या वृषणाला पीळ पडलेला असला तर काही तासांत ते कायमचं जातं. सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे कमी किरणांचा सीटी स्कॅन यासाठीच असतात.

पण माझा खरा संताप तापावरून आहे.

एक शेतकरी आला होता. दात वाजत होते, रक्तदाब वरचा ऐंशी. बायकोने पिशवीतून तुमच्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या. म्हणाली, “ताप आला म्हणून फोन केला, तर म्हणाले औषध लागू पडतंय, पुडी सोडू नका.” दुसऱ्या बाजूची किडनी लहानपणापासूनच निकामी, हेही तिनेच सांगितलं.

महाशय, अडलेल्या खड्याच्या वर तुंबलेल्या लघवीत जंतू माजले की तिचा पू होतो आणि विष रक्तात उतरतं. तिथे नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही. तातडीने आतून स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून किडनी मोकळी करावी लागते. खडा फोडायचं काम नंतरचं. खड्यामुळे सेप्सिस झालेल्यांचा एक अमेरिकी अभ्यास 2013 मध्ये छापून आला. किडनी मोकळी केलेल्यांपैकी सुमारे 9 टक्के दगावले. न केलेल्यांपैकी 19 टक्के. आमच्या शेतकऱ्याला त्याच रात्री नळी टाकली, पांढरट पू पिशवीत उतरला. तो वाचला. त्याच्या बायकोने तुमचं ऐकून आणखी एक रात्र काढली असती तर वाचला नसता.

मूत्रपिंडातल्या खड्यावर इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. खड्याचं नाव त्याच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. तेव्हा भिंत पुसावीच लागेल तुम्हाला. पण ती पुसली जाईपर्यंत, आजपासून येणाऱ्या प्रत्येक फोनला एवढं तरी सांगा : थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किडनी एकच असली किंवा बाई गरोदर असली, तर पुडी ठेवून द्या आणि आत्ताच्या आत्ता मोठं हॉस्पिटल गाठा.

— कॅज्युअल्टीतली एक डॉक्टर