काळ, काम आणि कचेरी

ज्याला पुढे तहसीलदार होऊन उत्पन्नाचे दाखले आणि टंचाईचे टँकर सांभाळायचे आहेत, त्याला दीडशे मीटर लांबीची आगगाडी खांब किती सेकंदांत ओलांडते हे विचारून काय साधतं, असं शहाणी माणसं विचारतात. नोकरीत होतो तोवर मीही विचारत असे. मग निवृत्त झालो, बार्शीकडची भाची राज्यसेवेच्या अभ्यासासाठी पुण्यात आमच्याकडे राहायला आली, तिची सीसॅटची पुस्तकं माझ्या हाती लागली आणि मी विचारायचा थांबलो. ही पुस्तकं लिहिणारे गणिताचे मास्तर नसणार. महसूल खात्यातले अव्वल कारकून असणार. मी त्याच पदावरून निवृत्त झालोय, आपल्या माणसाचा हात मला ओळखू येतो.

तसा अभ्यास व्हायचा तो अभ्यासिकेत. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात जुने वाडे पडून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत वर अभ्यासिका, खाली झेरॉक्स आणि जिन्यात मेसच्या पाट्या. पण अभ्यासिकेत बोलायचं नसतं. पाण्याच्या बाटलीचं बूच वाजलं तरी सगळ्या माना वळतात. इतिहास, भूगोल, राज्यघटना मुकाट्यानं गिळता येतात. इंग्रजी उतारा मात्र मोठ्यानं वाचल्याशिवाय जीभ वळत नाही, आणि गणित चुकल्यावर माणसाला एकदा तरी ओरडावं लागतं. म्हणून हे दोन विषय आमच्या घरी. मी घड्याळ लावायचं आणि उत्तरं तपासायची. अतिरिक्त कार्यभार, विनावेतन.

या सीसॅटचं थोडक्यात असं. यूपीएससीनं ती २०११ साली आणली, आपल्या आयोगानं २०१३ साली. दोन तास, ८० प्रश्न, २०० गुण. आधी हे गुण एकूण बेरजेत धरत. इंजिनिअर पोरं त्यावर पुढे निघून जातात अशी ओरड झाली, आणि आता हा पेपर नुसता पात्रतेपुरता उरलाय, ३३ टक्के मिळाले की सुटला. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण. हे कळलं त्या दिवशी मला भरून आलं. आमच्या गावच्या गुरुजींनी आमच्याकडून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं घोकून घेतलं होतं, कारण देशात दशमान पद्धत आल्याची बातमी त्यांनी मनावर घेतली नव्हती. ती अडीचकी आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता भाचीचा पेपर तपासताना मी डोळे मिटून म्हणतो, सव्वीस अडीचे पासष्ट, सत्तावीस अडीचे साडेसदुसष्ट. पात्रतेला सहासष्ट लागतात. म्हणजे सत्तावीस बरोबर आले की जिंकलं. पण प्रत्येक चुकीला पाव वजावट आहे. सत्तावीस बरोबर आणि दोन चूक, पास. सत्तावीस बरोबर आणि तीन चूक, नापास, तेही पॉईंट तीनशे पंचाहत्तर गुणांनी. भाची यावर रडायच्या बेतात असते. मला गुरुजींना कळवावंसं वाटतं.

तिचे वडील, आमचे दाजी, दर रविवारी फोन करतात. ‘चिंतामणराव देशमुख १९१८ साली लंडनात आयसीएसला पहिले आले, तेव्हा कुठं होती तुमची सीसॅट?’

‘नव्हती बाबा, म्हणूनच पहिले आले.’

आता गणितं बघा. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम चालू केले तर टाकी किती तासांत भरेल? बारा. भाची हे तोंडी सांगते. आमच्या हिचा मात्र पहिल्यापासून एकच आक्षेप, की खालचा नळ बंद का करत नाहीत? अगं, म्हटलं, खालचा नळ दुसऱ्या खात्याचा आहे. भरणाऱ्या नळाची प्रशासकीय मान्यता वेगळी, रिकामं करणाऱ्याची वेगळी, आणि मार्चअखेर दोघांनाही आपापला निधी खर्च करून दाखवायचाय. बारा तासांत का होईना, टाकी भरते हेच विशेष. मी एका गावात अशी योजना पाहिलीय, जिथं दोन्ही नळ बसले होते, दोन्हींची बिलं निघाली होती, आणि टाकी पुढच्या टप्प्यात होती.

काळ-काम-वेगात मात्र पुस्तकानं जरा हात आखडता घेतलाय. अ एक काम १० दिवसांत करतो, ब तेच काम १५ दिवसांत करतो, दोघं मिळून सहा दिवस. अ आणि ब शेजारी बसून एकाच वेळी एकच काम करताहेत, हे दृश्य मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. अ दहा दिवसांत टिपणी लिहितो. ब पंधरा दिवसांनी तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो. चर्चेच्या दिवशी अ रजेवर असतो. मी भाचीला सांगितलं, उत्तर किमान पंचवीस.

‘मामा, पंचवीस पर्यायात असतंच. नुसती बेरीज करणाऱ्या ढ पोरांना फसवायला ठेवतात ते.’

‘ढ नव्हे. अनुभवी.’

पुढची गणितं मात्र पुन्हा खात्यातल्या माणसाची. तिथं अ चार दिवस काम करून निघून जातो. कुठं जातो, का जातो, पुस्तक सांगत नाही. मला माहीत आहे. निवडणुकीच्या कामाला. मग उरलेलं काम ब एकटा ओढतो आणि शेवटच्या दोन दिवसांत क येऊन मिळतो. हा क बदलीवर आलेला असतो आणि श्रेय त्यालाच मिळतं, पण तेवढं लिहायला पुस्तकात जागा नसावी.

वयवारीचं असंच. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं किती? तीस आणि दहा. हे सोपं, कारण दोघांच्या जन्मतारखा खऱ्या आहेत. आमच्या पिढीवर गणित घालून दाखवा. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराकडे मास्तर वरून खाली बघत, त्यावरून साल ठरवत आणि तारीख १ जून टाकत. माझीही १ जूनच. आता ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे, त्यामुळे दर ३१ मेला राज्यभरच्या कचेऱ्यांत शाल-नारळांचा तुटवडा पडतो. माझ्याबरोबर आमच्याकडचे आणखी काही जण त्याच संध्याकाळी निवृत्त झाले. त्यातले एक गृहस्थ माझ्या थोरल्या भावाच्या वर्गात होते.

‘मग मामा, तुमचं खरं वय काय?’

‘दिलेली माहिती अपुरी आहे.’ पेपरात हाही पर्याय असतो, आणि मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

एकदा सलग चार गणितं चुकून ती वही मिटायला निघाली, तेव्हा मी तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा आकडा करायला लावला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, साधे शाळामास्तर, पण त्यांचं नाव गणितवाल्यांत जगभर घेतात. चारी अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं, मोठ्यातून लहान वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सीसॅट आपल्याकडे आली ते सालच घेतलं. ३२१० वजा ०१२३, ३०८७. पुन्हा केलं, ८३५२. पुन्हा केलं, ६१७४. आणि आता कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत कोणतीही संख्या तिथंच येऊन बसते. भाचीनं घरातल्यांची जन्मसालं, गाडीचा नंबर, सगळं टाकून पाहिलं आणि थक्क झाली. मी झालो नाही. फाइल कुठल्याही टेबलावरून सोडा, थोड्या फेऱ्यांत ती एका ठरावीक टेबलाशी येते आणि मग हलवून हलवून तिथंच राहते. कापरेकर कचेरीत लागले असते तर त्यांना हा शोध पहिल्याच आठवड्यात लागला असता.

इंग्रजी वाचन सकाळी सात वाजता. इंग्रजी पेपरचा अग्रलेख गॅलरीत उभं राहून मोठ्यानं वाचायचा, असा क्लासचा आदेश आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. २००० पासून ते पहिलीत आलं, तेव्हा भाची कागदोपत्री माझ्या चार इयत्ता पुढे. पण व्याजदरावरच्या अग्रलेखापुढे आम्ही दोघंही एका बाकावर. ती पहिल्या परिच्छेदात अडखळली की समोरच्या गॅलरीतून दुरुस्ती येते. दुसऱ्यात अडखळली की खालच्या मजल्यावरून. पुण्यात माणसाला एकट्यानं चुकता येत नाही. एकदा दोन मजल्यांनी एकाच शब्दाचे दोन उच्चार सांगितले, त्यांचं आपसात लागलं, आणि आम्ही चहा घेऊन आलो तरी निकाल नव्हता.

परीक्षेतले उतारे चलनवाढीवर, जैवविविधतेवर, नाहीतर कुणा तत्त्वज्ञाला स्वातंत्र्याबद्दल वाटणाऱ्या काळजीवर. वाक्य सुरू होतं आणि तीन-चार स्वल्पविराम ओलांडून पलीकडे जाईपर्यंत कर्ता कोण होता हे आठवत नाही. भाची घाबरते. मी नाही. शासन निर्णय वाचण्यात माझा जन्म गेलाय. त्याच्या डोक्यावर आधी ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, ती वाचायची नसते. मग प्रस्तावना, तीही नाही. शेवटी तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघाल्याचं लिहिलेलं असतं, त्याला नुसता नमस्कार करायचा. जीव असतो तो मधल्या एका ‘तथापि’च्या पुढे. आधीच्या दोन पानांनी जे दिलं, ते त्या ओळीत परत घेतलेलं असतं. क्लासवाल्यांनी भाचीला सांगितलं, उताऱ्यात ‘हाऊएव्हर’ दिसला की गोल करा. मी त्या मास्तरांना भेटलेलो नाही, पण बहुधा तेही मंत्रालयातून आलेले असावेत.

त्यांची दुसरी युक्ती म्हणजे प्रश्न आधी वाचायचा आणि उतारा नंतर, लागला तेवढाच. माझे एक साहेब असेच वाचायचे. आधी खाली सही कुणाची ते बघायचे, मग शेवटची ओळ, आणि बाकीची फाइल लागली तर. त्यांचा निपटारा जिल्ह्यात पहिला असायचा.

तिसरा नियम सगळ्यात कडक. उत्तर उताऱ्यातलंच द्यायचं, आपल्या पदरचं ज्ञान घालायचं नाही. यावर भाचीचं आणि माझं पहिलं भांडण झालं. इंग्रजी उतारा ठिबक सिंचनावर होता. ठिबक घेतलेल्या शेतकऱ्याची पाण्याची चिंता मिटते, असं त्यात म्हटलं होतं. तिनं निष्कर्षाचा पर्याय खोटा ठरवला आणि गुण गेले.

‘मामा, आमच्याकडं ठिबक आहे. बोअरला पाणी नाही. ठिबकनं काय ठिबकायचं?’

‘उताऱ्यात बोअर आहे का?’

‘नाही.’

‘मग तुझ्या बापाच्या शेतात पाण्याची चिंता मिटली. खूण कर.’

तिनं केली. पण पेन्सिल अशी दाबली की टोक मोडलं. मी काही बोललो नाही. पाहणीला गेलेला माणूस आणि त्या पाहणीवर अहवाल लिहिणारा माणूस यांत काय फरक असतो, ते शिकायला मला निम्मी नोकरी लागली. हिला ते परीक्षेआधीच कळतंय, आणि याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, माझं अजून ठरलेलं नाही.

शेवटी निर्णयक्षमतेचे थोडे प्रश्न. तुम्ही अमुक अधिकारी आहात, मोर्चा दारात आहे, वरिष्ठांचा फोन येतोय, लिपिक गैरहजर आहे, काय कराल? बाकी पेपरात चुकीला वजावट, या प्रश्नांना नाही. आगगाडी चार सेकंद उशिरा खांबापुढून गेली तर गुण कापतात, पण अधिकाऱ्याचा निर्णय चुकला तर काही कापत नाहीत. आयोगानं प्रत्यक्ष परिस्थितीचा किती बारीक अभ्यास केलाय, हे मला इथं पटलं. मी स्वतः हे प्रश्न सोडवून पाहिले. खऱ्या कचेरीत जे झालं असतं, त्यावर खूण केली, म्हणजे वरिष्ठांचा फोन उचलला, मोर्चाचं निवेदन घेतलं आणि ते गैरहजर लिपिकाच्या टेबलावर ठेवलं. पुस्तकानं शून्य दिलं. भाची म्हणाली, हरकत घ्या. कारण आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो, तिच्यावर हरकती मागवतो, आणि मग अंतिम तालिका येते. तिच्यात कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. गणिताचं उत्तरसुद्धा आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करणारं खातं ते माझंच खातं, अशी माझी खातरी झाली.

हे सगळं चालू असताना आमची ही स्वयंपाकघरातून ऐकत असते. ती पेपरला बसणार नाही, पण नफा-तोट्यात तिला दोघांनी हरवून दाखवावं. किलोमागं नऊशे ग्रॅम देणाऱ्या दुकानदाराचा नफा शेकडा किती, यावर भाची ‘दहा’ म्हणाली, तर आतून आवाज आला, ‘अकराच्या वर, तो नऊशेवर कमावतो, हजारावर नाही.’ परवा रात्री ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, माझंही एक गणित घाला. मी एकटी स्वयंपाक एका तासात करते. तुझे मामा मदतीला आले की दोन तास लागतात. तर मामा एकटे किती वेळात करतील?

भाचीनं वही ओढली. एका तासात मामीचं काम एक. दोघांचं मिळून अर्धं. अर्ध्यातून एक वजा, उणे अर्धं. ती थांबली, पुन्हा पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाली, ‘मामी, मामा नळ-टाकीत येतात. झालेला स्वयंपाक दोन तासांत रिकामा करतात.’

मी लेखी हरकत घेतली. अंतिम उत्तरतालिकेत बदल नाही.